बजाजनगर : जुने द्या, रोख घ्या

शाबान अर्धा सरला की अम्मींना पोटमाळा आठवतो. रमजानच्या आधी घर झाडून-पुसून लख्ख झाले पाहिजे, हा त्यांचा जुना शिरस्ता. एरवी आम्ही वरच्या वस्तू खाली काढतो, पुसतो आणि परत वर ठेवतो. २०२५ च्या फेब्रुवारीत मात्र तसे झाले नाही. थोरल्याला कंपनीने ब्रेक दिला होता. बजाजनगरात ब्रेक म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. ठेकेदारामार्फत लागलेल्या पोराला काही महिने झाले की घरी बसवतात. मग पुन्हा नव्याने घेतात, किंवा घेत नाहीत. त्यात मुलीच्या पॉलिटेक्निकच्या फीमधले साडेआठ हजार बाकी होते आणि रमजानचा किराणा तोंडावर होता. म्हणून या वेळी वस्तू पुसून परत वर गेल्या नाहीत, त्या ओट्यावर मांडल्या गेल्या.

एकवीस इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही. डीव्हीडी प्लेअर. कूलरची जळालेली मोटर, भांडे नसलेला मिक्सर, इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी. चार्जर आणि वायरींनी भरलेली एक पिशवी. तीन मोबाइल. आणि ओट्याच्या कोपऱ्यात दोन वर्षे कांदे-लसूण ठेवायचे कपाट म्हणून उभा असलेला १६५ लिटरचा फ्रीज. हे सगळे मांडल्यावर धाकटा म्हणाला, “अम्मी, आपण एवढे श्रीमंत होतो?”

टीव्ही मरहूम अब्बांनी घेतलेला. अब्बा जाफराबाद तालुक्यातून इकडे आले ते बजाज ऑटोच्या कारखान्यामुळे. वाळूजचा हा कारखाना १९८५ साली तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने जी वसाहत उभी राहिली तिला बजाजनगर हेच नाव पडले. अब्बा बजाजमध्ये कधीच नव्हते. त्यांना सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये काम मिळाले. इथल्या निम्म्याहून अधिक घरांची कथा अशीच असेल. नाव मोठ्या कारखान्याचे आणि पगार त्याच्या सावलीतल्या वर्कशॉपचा. टीव्ही व्हिडिओकॉनचा होता, तोही इथलाच म्हणायचा, कारण कंपनीचा कारखाना पैठण रस्त्यावर चितेगावला. बोनसच्या पैशात अब्बांनी तो घेतला तेव्हा, आपल्या जिल्ह्यात बनलेला टीव्ही, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आमचा टीव्ही त्याच्या आधीच गेला होता.

बजाजनगर ज्यांनी पाहिले नाही त्यांनी नगर रस्त्याने यावे. छावणी, गोलवाडी मागे टाकले की पंढरपूर लागते. हे आपले छोटे पंढरपूर, आषाढीला इथे शहरातून पायी येणाऱ्यांची रीघ लागते. तिथून आत वळले की एकसारखी छोटी घरे, त्यांच्यावर नंतर चढवलेले मजले आणि प्रत्येक मजल्यावर भाड्याच्या खोल्या. नांदेड, परभणी, बुलढाणा, जळगाव आणि आता बिहार, उत्तर प्रदेश. मोरे चौकात संध्याकाळी उभे राहिले तर पहिली पाळी सुटल्याची आणि दुसरी लागल्याची गर्दी अंगावर येते. एका बाजूला वडगाव कोल्हाटी, दुसऱ्या बाजूला रांजणगाव शेणपुंजी, आणि मधल्या पट्ट्यात जुन्या वस्तूंचा बाजार.

या बाजाराचे गणित खोल्यांवर चालते. माणूस येतो तेव्हा त्याला कूलर, टीव्ही, फ्रीज स्वस्तात हवा असतो. जातो तेव्हा रेल्वेत फ्रीज नेता येत नाही. म्हणून तीच वस्तू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत राहते. २०२० च्या टाळेबंदीत हे गणित मोडलेले आम्ही पाहिले. सगळेच जाणारे, येणारे कोणी नाही. आमच्या गल्लीत चालू टीव्ही पाचशे रुपयांना पडून होता आणि घ्यायला कोणी तयार नव्हते. घरमालकांच्या जिन्याखाली तेव्हाचे कूलर अजून असतील.

विकायला निघायच्या आधीच विकत घेणारा दारात आला. मोटारसायकलवर मागे प्लास्टिकचे टब, बादल्या, घमेली रचलेली, पुढे भोंगा. ‘बंद पडलेले मोबाइल द्या, फुटलेले मोबाइल द्या, टब घेऊन जा.’ ही हाळी आता खेड्यापाड्यांतही ऐकू येते. शेजारच्या खालांनी दोन फोन देऊन एक मोठा टब घेतला आणि सौदा छान झाला म्हणून आम्हालाही बोलावले. आम्ही दिले नाहीत. त्याला कारण होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेलंगणातील गोदावरीखणीला पोलिसांनी बिहारच्या काही जणांना पकडले, त्यांच्याकडे पोत्यांत भरलेले सुमारे ४,००० जुने फोन सापडले. असेच दारोदार फिरून, किरकोळ वस्तूंच्या बदल्यात गोळा केलेले. ते सायबर ठगांकडे जाणार होते असे पोलिसांचे म्हणणे होते. आपला फोन बंद असतो, त्याचा बोर्ड बंद असेलच असे नाही. खालांना हे सांगितले तेव्हा त्या टबाकडे बघत बराच वेळ गप्प बसल्या. त्यातल्या एका फोनमध्ये त्यांच्या सुनेच्या मेंदीचे फोटो होते.

दुसऱ्या दिवशी हातगाडी भाड्याने घेऊन थोरला आणि आम्ही रांजणगावच्या रस्त्यावरील भंगारच्या दुकानात गेलो. पत्र्याची शेड, पुढे इलेक्ट्रॉनिक काटा, आत ढीग. पहिल्यांदा डोळ्यांना सगळे भंगार एकसारखेच दिसते. थोडे थांबले की कळते की इथे प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली आहे. कंप्रेसर एका बाजूला, मोटरी एका बाजूला, पिक्चर ट्यूबच्या मानेवरून काढलेल्या तांब्याच्या गुंडाळ्या वेगळ्या, हिरवे बोर्ड पोत्यात. घरात आम्ही वस्तू किंमत देऊन आणतो, इथे वस्तू नसतेच. तांबे, ॲल्युमिनियम, शिसे, लोखंड आणि कचरा एवढेच असते. आमची समजूत होती की टीव्हीचे सर्वांत जास्त येतील. झाले उलटे. बॅटरी ५२ किलो भरली, ८० रुपये भावाने ४,१६० रुपये. ज्या गोष्टीकडे आम्ही ढुंकून पाहिले नव्हते ती सर्वांत महाग निघाली, कारण आतले शिसे पुन्हा वितळवून नव्या बॅटरीत जाते आणि त्याला कायम गिऱ्हाईक आहे. वायरींचे ३००, दोन्ही मोटरींचे २४०, डीव्हीडी प्लेअरचे ६०. टीव्हीचे २००. अब्बांच्या बोनसचे दोनशे रुपये! थोरला हसला. आम्हाला हसू आले नाही.

काट्याबद्दल एक सांगून ठेवतो. वस्तू ठेवण्यापूर्वी काटा शून्यावर आहे का ते पाहावे आणि वैधमापनाचा शिक्का ताजा आहे का तेही पाहावे. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दर वर्षी व्हावी लागते. विचारले म्हणून कोणी रागावत नाही. दुकानदाराने स्वतःहून काट्यावर पाय देऊन आपले वजन दाखवले आणि पोट वाढल्याची तक्रारही केली.

बॅटरी आडवी करून ॲसिड नालीत सोडायला एक पोरगा निघाला तेव्हा मात्र आमच्याने राहवले नाही. दुकानदाराने त्याला थांबवले, बॅटरी तशीच उभी ठेवायला सांगितली. आमच्यासमोर थांबवले, मागे काय होते अल्लाह जाणे. पोरगा चौदा-पंधरा वर्षांचा असेल, हातात मोजे नाहीत. टीव्हीची ट्यूब फोडतानाही तोच. त्या काचेत शिसे असते आणि तिची भुकटी श्वासावाटे आत जाते. वायरी जाळून तांबे काढतात तो धूर तर सगळ्यांनी पाहिला आहे; आमच्याकडे हिवाळ्याच्या पहाटे फजरला निघाले की नाल्याच्या बाजूने तो वास येतोच. आणि हिरव्या बोर्डांची पोती? “दिल्ली,” दुकानदार एका शब्दात म्हणाला. दिल्लीत सीलमपूरला अशा मालाचा मोठा बाजार आहे आणि मुरादाबादला बोर्ड जाळून, ॲसिडमध्ये घालून त्यातले धातू काढणारी घरेच्या घरे आहेत. सीलमपूर काय, मुरादाबाद काय, तिथे या कामात आपलीच बिरादरी मोठ्या संख्येने आहे, हे लिहिताना हात जड होतो. भंगाराचा धंदा हलाल मेहनतीचा आहे. त्यात पोरांची फुफ्फुसे काट्यावर जाऊ नयेत एवढेच.

यासाठी कायदा नाही असे नाही. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ चे, मग २०१६ चे, आणि सध्याचे २०२२ चे, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यात निर्माता, उत्पादक, दुरुस्त करून विकणारा आणि पुनर्चक्रण करणारा अशा चौघांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. वस्तू बनवणाऱ्या कंपनीवर जुना माल परत मार्गी लावण्याची जबाबदारी आहे. कागद चोख आहे. पण आमची हातगाडी ज्या शेडपुढे उभी होती ती शेड या चौघांत कुठे बसते? जगाचा हिशेबही काही वेगळा नाही. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन मार्गी लागला, असा संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाचा आकडा आहे. नोंदणीकृत केंद्र दोनशे रुपये रोख मोजत नाही आणि भंगारवाला मोजतो. ज्याच्या घरी फी थकली आहे तो कुठे जाईल, हे नियम लिहिणाऱ्यांनाही ठाऊक असणार.

फ्रीजची गोष्ट वेगळी, कारण तो चालत होता. म्हणजे गॅस भरला की चालत होता. आतल्या पाइपला कुठेतरी सूक्ष्म भोक होते, गॅस हळूहळू झिरपायचा. दोनदा भरून झाल्यावर आम्ही हप्त्यावर नवा घेतला होता. ओळखीच्या मेकॅनिकने सरळ हिशेब मांडला. “गॅस भरून देतो. पंधरा-वीस दिवस बर्फ जमेल. साडेचार हजार कुठे गेले नाहीत. पुढचा कोण, कुठला, खोली बदलून जाईल.” थोरल्याला हे पटले. खरे सांगायचे तर आम्ही दोघेही गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्यात होकार होता. फीचा आकडा डोळ्यांपुढे असला की माणूस स्वतःला पुष्कळ गोष्टी समजावून सांगतो.

मोबाइलवर फोटो टाकला तसा पहिला फोन आला तो ‘फौजी’चा. बदली झाली आहे, फ्रीज न बघता घेतो, आगाऊ पैसे पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा. थोरल्याचे बोट पिनपर्यंत गेले होते. मुलीने हातातून फोन ओढून घेतला. पैसे यायचे असतील तर पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन फक्त आपले पैसे जाताना लागतो. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने पाठ करावे, पाककृतीसारखे फ्रीजवर चिकटवून ठेवले तरी चालेल.

रविवारी खरा गिऱ्हाईक आला. हिंगोलीकडचा पोरगा, नुकताच लागलेला, सोबत बायको. त्यांनी दार उघडून पाहिले, बल्ब लागतो का पाहिले, बायकोने आतल्या कप्प्यांवरून हात फिरवला. अम्मी आतून आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. “बाळा, याचा गॅस टिकत नाही बरं का. दोनदा भरलाय आम्ही. कुठून झिरपतो ते सापडलं नाही.” थोरला उठून बाहेर गेला. ऐब लपवून विकलेला माल परत करायचा हक्क घेणाऱ्याला असतो, हे आपल्या फिक्हमध्ये जुनेच आहे. पण अम्मींनी फिक्ह काढलेच नाही. त्या एवढेच म्हणाल्या, की रमजानमध्ये यांच्याकडे दूध नासले तर मला इफ्तार जाणार नाही. आता हे पोरगे-पोरगी रोजे धरणारे नव्हते, हे त्यांच्या लक्षात आले नसेल असे नाही.

त्या दोघांनी आपापसात कुजबुज केली आणि दोन हजार सांगितले. आम्ही हो म्हटले. रात्री जेवताना थोरला बोलला नाही. अडीच हजारांची ती शांतता होती.

फोनसाठी शहरात गेलो. पैठण गेटच्या परिसरात मोबाइलची दुकाने एकाला एक खेटून. काउंटरवर एक घेतो, मागच्या स्टुलावर एक डोळ्याला भिंग लावून बोर्डावर वाकलेला. आम्ही जाण्यापूर्वी मुलीने तिच्या चालू फोनची तयारी स्वतः केली होती. आधी फोटो आणि नंबर दुसरीकडे घेतले, व्हॉट्सॲप बंद केले, गूगलचे खाते फोनमधून काढले, मग पूर्ण रिसेट मारला, सिम आणि मेमरी कार्ड काढून घेतले. खाते न काढता रिसेट मारला तर पुढच्याला फोन उघडताना आपलाच पासवर्ड मागितला जातो आणि दुकानदार भाव पाडतो. आपल्या घरांत एका फोनमध्ये आई, मामी, वहिनी, सगळ्यांचे घरगुती फोटो असतात. बाहेर जे दाखवत नाही ते आपण दोन हजारांत दुसऱ्याच्या हातात देतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. चालू फोन रिसेट करता येतो. जो उघडतच नाही त्याचे काय, हा प्रश्न राहतो. त्या फोनसाठी दुकानदाराने बोर्डाचे दोनशे सांगितले. बहिणीच्या लग्नातले बायकांकडचे फोटो त्यात आहेत. आम्ही तो परत खिशात टाकला. मुलीच्या फोनचे २,३०० आले, बिलाची प्रत आणि आधारची प्रत घेऊन.

राहिला थोरल्याचा. फोल्डर फुटलेला, पण बाकी चांगला. हा त्याने २०२३ च्या दिवाळीत लाइनवरच्या एका सोबत्याकडून तीन हजारांना घेतला होता. बिल नव्हते. आठवड्यातच हातातून पडला आणि कपाटात गेला. दुकानदाराने तपासायचा फोल्डर लावून स्क्रीन उजळवली, *#०६# दाबले, आलेला पंधरा आकडी आयएमईआय आपल्या फोनवरून ‘केवायएम’ लिहून १४४२२ ला पाठवला. उत्तर आले तसा त्याचा चेहरा बदलला. फोल्डर उतरवून त्याने फोन काउंटरवरून आमच्याकडे सरकवला. “भाई, ये ब्लॅकलिस्ट है. चोरी का या गुम हुआ. यहाँ मत दिखाओ किसी को.”

येताना बसमध्ये कोणी बोलले नाही. तो फोन पिशवीत तळाशी होता आणि तरी सगळ्या बसला दिसतो आहे असे वाटत होते. घरी रात्री बारापर्यंत खल झाला. खाम नदीत टाका, म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला. कपाटात ठेवा. टबवाल्याला द्या. भीती कसली होती ते वाचकांना फोड करून सांगायला नको. तेवीस वर्षांचा मुसलमान पोरगा, हातात चोरीचा फोन, बिल नाही, विकणारा गावी निघून गेलेला. स्वतःहून पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हणजे सोपे नव्हते. पण फोन आपला नाही हे कळल्या क्षणापासून तो अमानत झाला होता, आणि अमानत नदीत टाकता येत नाही. शिवाय चोरीची वस्तू आहे हे माहीत असून ती ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हाच आहे. कालपर्यंत आम्हाला माहीत नव्हते, आजपासून होते.

सकाळी दोन प्रतींत अर्ज लिहिला. फोन कधी, कोणाकडून, किती रुपयांना घेतला, आयएमईआय काय, तपासणीत काय कळले. थोरल्याबरोबर आम्ही दोघेही गेलो. अम्मीही येणार होत्या, त्यांना कसेबसे थांबवले. तिथल्या हवालदाराने अर्ज वाचला, थोरल्याकडे पाहिले, पुन्हा अर्ज वाचला आणि म्हणाला, “इथे लोक फोन हरवला म्हणून येतात. सापडला म्हणून कमी येतात.” जबाब घेतला. फोन जमा करून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. तो कागद आम्ही घराच्या कागदपत्रांत ठेवला आहे. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा बोलावणे आले, त्या सोबत्याचा पत्ता विचारला, एवढेच. थोरल्याचे तीन हजार गेले ते गेले.

एकूण ९,२६० रुपये हाती आले. साडेआठ हजार फीला गेले. किराणा वाण्याच्या वहीत लिहून आणला. थोरल्याला ईदनंतर दुसऱ्या ठेकेदाराकडे काम लागले.

एप्रिल संपता संपता तो हिंगोलीचा पोरगा दारात उभा. आमच्या पोटात गोळा आला. फ्रीज बंद पडला होता; त्याने दोनदा गॅस भरून पाहिला, भोक काही सापडले नाही. पण तो भांडायला आला नव्हता. “आजींनी सांगितलंच होतं,” तो म्हणाला. त्याला विचारायचे होते की वजन नीट करणारा भंगारवाला कोणता. थोरला चप्पल घालून त्याच्याबरोबर निघाला. दोघांनी फ्रीज हातगाडीवर चढवला. कंप्रेसर वेगळा, पत्रा वेगळा, मिळून १,३५० रुपये आले. काटा शून्यावर आहे का ते थोरल्याने आधी पाहिले.